मेळघाटचा मोह आणि वणवा

उन्हाळ्यात रात्री आपल्या अकोट तालुक्यातून उत्तरेकडे पाहिले की कधीकधी सातपुड्यावर दिव्यांच्या माळेसारखी लांब रेघ दिसते. लहान पोरांना ती लय आवडते. पण ती दिवाळी नव्हे, तो वणवा होय.

त्या डोंगरात मेळघाटचे जंगल आहे. वाघ वाचवण्यासाठी देशात पहिले नऊ प्रकल्प निवडले, त्यांत मेळघाट होते. १९७४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. पुढे १९८७ साली त्यातच गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले.

तेथे सागाचे रान मोठे. सोबत ऐन, धावडा, तेंदू, आवळा आणि बांबू. उन्हाळा लागला की पाने गळतात. सागाचे पान ताटाएवढे, वाळले म्हणजे पापडासारखे वाजते. एक ठिणगी पुरे.

नेमका याच दिवसांत मोह फुलतो. त्याची रसाळ फुले पहाटे टपटप खाली पडतात. ती अस्वल खाते, सांबर खाते, चितळ आणि माकडेही खातात. कोरकू लोक टोपल्या घेऊन येतात, फुले वेचून वाळवतात आणि विकतात. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत, म्हणून कोणी कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वारा सुटला की आग हाती राहत नाही. विडीचे थोटूक फेकणारे शहाणेही असतातच! तेव्हा एकट्या मोह वेचणाऱ्यांना नावे ठेवणे बरे नाही, त्यांचे पोट त्यावर आहे.

मोठा साग सहसा मरत नाही, त्याची साल जाड असते. पण रोपे जळतात. रानकोंबडी जमिनीवर अंडी घालते, तीही जातात. गवत जळाले तर सांबर काय खाईल, आणि सांबर नसले तर वाघ काय खाईल?

माझी आजी म्हणते, "डोंगर तिकडं दूर हाय, आपल्याले काय त्याचं?" पण आपला भाग खारपाणपट्ट्याचा, विहिरीचे पाणी खारट. नळाला गोडे पाणी येते ते वान धरणाचे, आणि वान नदी त्याच डोंगरातून येते. पाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो, ते हळूहळू जमिनीत मुरते. पाचोळा जळाला तर पाणी माती घेऊन धावते आणि गाळ धरणात साचतो.

वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळे पट्टे करते. आग तेथे अडते. लक्ष ठेवायला मजूर असतात, त्यांना अंगारी म्हणतात. मोहाखाली आग न लावता नुसते झाडून घेतले किंवा जुने लुगडे अंथरले तरी फुले वेचता येतात. फुलांना राखही लागत नाही.