झाकून आणि वाकून

'आपले ठेवावे झाकून, दुसऱ्याचे पाहावे वाकून' ही म्हण वाड्यातल्या शेजाराला शोभणारी. पण इन्स्टाग्रामला ती अधिकच लागू पडते. आपले रडू, नापास झालेला पेपर, गालावरची मुरुमे झाकायची; आणि मैत्रिणीची सहल, नवा पोशाख, नितळ कांती मध्यरात्रीपर्यंत वाकून पाहायची!

तुलना मनुष्यस्वभावातच आहे. स्वतःला मोजण्याचे दुसरे साधन नसले की माणूस आपल्यासारख्या इतरांकडे पाहून स्वतःला जोखतो, असा सिद्धान्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. त्या काळचे 'इतर' म्हणजे वर्गातली मुले. त्यांचे उसवलेले दप्तर दिसे, त्यांना बसलेला मारही कळे. फोनमधले 'इतर' मात्र अगणित, सदैव हसतमुख, आणि प्रत्येकाच्या खाली पसंतीचा आकडा.

फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. आपल्या शरीराविषयी आधीच खंत वाटणाऱ्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ती वाढते, असे कंपनीच्याच पाहणीत सांगितले होते. हा परिणाम सरासरीने अल्पच, असे मानणारे संशोधकही आहेत. असेलही, परंतु आईला काळजी असते ती एका मुलीची, सरासरीची नव्हे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती ठेवण्यास अशा कंपन्यांना मनाई केली आहे.

कंपन्यांना बोल लावणे सोपे आहे. पण मुलांच्या हाती ही मोजपट्टी प्रथम कोणी दिली? दहावीच्या निकालादिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गुणपत्रिका झळकवणारी मंडळी आपणच ना! आम्हा इंदूर-बडोद्याकडच्या घरांत तर 'पुण्याची भावंडे मराठी किती शुद्ध बोलतात!' हा टोमणा वर असतोच. अशा घरातल्या मुलीने रात्री फोनमध्ये पुन्हा स्वतःलाच तोलून पाहिले, तर नवल ते काय?

फोन हिसकावून घेतल्याने ती बोलती होईल, असे आम्हांस वाटत नाही. तिच्या ताटाकडे, झोपेकडे लक्ष असावे. जेवण टाळणे, मैत्रिणींना चुकवणे, 'मी कुणालाच नको आहे' असे पुटपुटणे हे आठवड्यामागून आठवडे चालले, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.