मीठ, शस्त्रक्रियोत्तर आहारातील
शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः एक वृक्क (मूत्रपिंड) काढल्यावर किंवा वृक्काचे प्रतिरोपण केल्यावर, मिठाचा प्रकार व प्रमाण यांवर ठेवावयाचे नियंत्रण. निरोगी प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅ.पेक्षा कमी मीठ (सु. २ ग्रॅ. सोडियम) घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शस्त्रक्रियेच्या आघाताने मूत्ररोधी हॉर्मोन व अल्डोस्टेरोन यांचा स्राव वाढतो. त्यामुळे पहिले काही दिवस सोडियम व पाणी शरीरात साचण्याकडे कल असतो. शिरेवाटे दिलेल्या ०·९ टक्के लवण विद्रावाच्या एका लिटरमध्येच ९ ग्रॅ. मीठ असते. पुढे जादा मिठाने रक्तदाब वाढल्यास उरलेल्या वृक्कातील सूक्ष्म केशिकागुच्छांना इजा पोहोचते. प्रतिरोपणानंतरच्या काही औषधांनीही रक्तदाब वाढतो.

सैंधव व पादेलोण ही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असल्याने ती निर्धोक पर्याय ठरत नाहीत. ‘कमी सोडियमच्या’ मिठात सोडियमाऐवजी काही अंशी पोटॅशियम क्लोराइड असते. निरोगी माणसास ते उपयुक्त असले, तरी दुर्बल वृक्कांना पोटॅशियमाचे पुरेसे उत्सर्जन करता येत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण वाढून हृदयाचे स्पंदन अनियमित होते व प्रसंगी मृत्यू ओढवतो. म्हणूनच या मिठासंबंधीच्या संघटनेच्या २०२५ मधील शिफारशीतून वृक्कविकारी व्यक्तींना वगळले आहे.

मिरज (जि. सांगली) येथे विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सातारा-सांगली भागात आधुनिक शस्त्रक्रियेची परंपरा आहे. मात्र रुग्ण घरी परतल्यावर पथ्य स्वयंपाकघरावर अवलंबून राहते. भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचे, पापड, सांडगे व भडंग यांतून न मोजलेले मीठ पोटात जाते. याउलट तासगावच्या बेदाण्यात सोडियम अल्प, परंतु पोटॅशियम विपुल असते. रक्तातील पोटॅशियम वाढलेल्यांनी तो टाळावा. लिंबू, कोथिंबीर, जिरे, लसूण यांनी अळणी अन्नास रुची येते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास पोटॅशियम घटते.

मीठ तोडणे सर्वांनाच हितावह नसते. लघ्वांत्राचे छिद्र पोटावर काढलेल्या रुग्णाच्या शरीरातून मीठ व पाणी सतत जात असल्याने त्याला अधिक मीठ लागते. ते न मिळाल्यास निर्जलीभवनाने वृक्कांनाच अपाय होतो. म्हणून रक्तदाब, वजन व रक्तातील क्रिॲटिनीन, सोडियम आणि पोटॅशियम पाहून वैद्याने प्रत्येकाचे प्रमाण ठरवावे लागते.