सोडणे सोपे, जोडणे महत्त्वाचे

पदार्थविज्ञानाच्या तासाला 'पीळ' हे प्रकरण आले की विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. एक तार, तिला टांगलेली तबकडी, तिची आंदोलने आणि शेवटी काढायचा तो दृढता गुणांक! प्रयोगशाळेबाहेरच्या जगाशी ह्या तारेचा काही संबंध असेल असे कोणालाच वाटत नाही. पण तो संबंध आहे, आणि प्रसंगी तो जिवाशीही येतो.

माझा एक भाचा अमेरिकेत, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे असतो. त्याने साध्या श्रेणीतील जीप रँग्लर घेतली, खडकाळ वाटांवर नेण्यासाठी ती दहा सेंटिमीटर उंच करून घेतली आणि मला विचारले, "मामा, स्वे-बार सोडण्याची साधने तीन-चार प्रकारची मिळतात. त्यांतले कोणते घेऊ?" त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

स्वे-बार म्हणजे काय?

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ह्याच भागाला 'स्टॅबिलायझर बार' म्हणतात. ही इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली पोलादी सळई असते. तिचा मधला लांब भाग गाडीच्या चौकटीला रबरी बुशांत धरलेला असतो. दोन बाजूंचे दोन हात 'लिंक रॉड'ने डाव्या व उजव्या चाकाच्या बाजूला एक्सलशी जोडलेले असतात.

ओले धोतर पिळताना दोन्ही हात एकाच दिशेने फिरवले तर पीळ बसत नाही. विरुद्ध दिशांना फिरवले तरच बसतो. सळईचेही तसेच आहे. रस्त्यावरच्या उंचवट्यावर दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती बुशांत नुसती फिरते, विरोध करीत नाही. पण एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की तिला पीळ बसतो, आणि ती दोघांना पुन्हा एका पातळीत आणू पाहते. चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. तो कल आवरण्याचे बरेचसे काम ही सळई करीत असते.

तिची ताकद कशावर ठरते? इथेच आपली प्रयोगशाळेतली तार भेटते. भरीव सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २५ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटरची सळई घेतली तर व्यास एक-पंचमांशानेच वाढतो, पण ताठरपणा दुपटीहून थोडा अधिक होतो.

मग ती सोडायची कशाला?

युटातील मोअब हे गाव लालसर वालुकाश्माच्या खडकांसाठी प्रसिद्ध आहे. १९६७ पासून तेथे ईस्टरच्या सुमारास जीपगाड्यांचा मेळा भरत आला आहे. अशा खडकांवर एक पुढचे चाक हातभर वर, तर दुसरे खड्ड्यात, अशी स्थिती पावलोपावली येते. येथे सळईचा गुण हाच दोष ठरतो. ती खड्ड्याकडच्या चाकाला खाली जाऊ देत नाही. चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्शियलमध्ये अधांतरी चाक नुसते गरगरते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. गाडी अडते, शिवाय एका अंगाला धोकादायक रीतीने कलते. सळई सोडली की चाके जमिनीचा आकार धरून वरखाली होतात आणि गाडीचा सांगाडा त्यामानाने सरळ राहतो.

आपल्याकडच्या जुन्या जीपना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना ही सळईच नसे. त्यांचे कमानपाटेच कल पुरेसा आवरीत, आणि गाडीचा वेगही बेताचाच असे. १९९७ च्या रँग्लरपासून पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. त्या मऊ, म्हणून सळईवरचा भार वाढला.

उंच केलेल्या गाडीचे गणित

गाडी किती सहज उलटेल ह्याचा ढोबळ अंदाज एका साध्या भागाकाराने येतो: दोन चाकांतील अंतराचे अर्धे, भागिले गुरुत्वमध्याची उंची. उदाहरणादाखल, चाकांतील अंतर १६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला तर ८० भागिले ७०, म्हणजे सुमारे १.१४. गाडी दहा सेंटिमीटर उंच केली, तरी चाके व एक्सल स्प्रिंगच्या खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य समजा सात सेंटिमीटरच वर गेला. आता ८० भागिले ७७, म्हणजे सुमारे १.०४. आकडा जितका लहान तितकी गाडी उलटण्याची शक्यता अधिक.

सळई हा आकडा बदलू शकत नाही. पण वळणावर अंग किती आणि किती झपाट्याने झुकेल हे ती आवरते. शिवाय पुढची सळई सोडली की पुढच्या व मागच्या बाजूंचा तोल बदलतो, आणि वेगात एकदम चुकवाचुकवी करावी लागली तर गाडीचा मागचा भाग बाहेर सुटू पाहतो. म्हणजे उंच गाडीला हमरस्त्यावर सळईची गरज अधिक, आणि तीच गाडी खडकांवर नेताना सळईची अडचणही अधिक. पेच आहे तो हाच.

साधनांचे प्रकार

पहिला प्रकार हाताने सोडण्याच्या लिंक रॉडचा. मूळ लिंक काढून त्यांच्या जागी खिट्टी असलेल्या लिंक बसवतात. खिट्टी काढली की लिंक मोकळी. स्वस्त, साधे, आणि बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

दुसरा विजेवर चालणारा. २००७ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये कारखान्यातूनच असा बार आला. त्याची सळई मध्ये दुभागलेली असून दोन अर्धे दातेरी क्लचने जोडलेले असतात. बटण दाबले की ते सुटतात. ताशी सुमारे २९ किलोमीटरचा वेग ओलांडला की यंत्रणा ते आपोआप पुन्हा जोडते. मात्र पेटीत पाणी किंवा चिखल शिरला तर ती अडून बसू शकते. २०२१ च्या फोर्ड ब्राँकोत हायड्रॉलिक पद्धत आहे. सळईला पीळ बसलेला असतानाही ती सुटते.

तिसऱ्या प्रकारात काहीच सोडायचे नसते. मूळ सळईच्या जागी कमी ताठर सळई कायमची बसवायची. खडकांवर ती पुष्कळ वाव देते, रस्त्यावरही थोडा आधार देते. पण दोन्हीकडे तडजोड असते.

चौथा प्रकार काहीजण करतात: सळई काढूनच टाकायची. रस्त्यावर चालणाऱ्या उंच गाडीसाठी हा पर्याय मी मोजतच नाही.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट लिंकची लांबी. गाडी दहा सेंटिमीटर उंच झाली म्हणजे सळई एक्सलपासून तितकी दूर गेली. जुनीच लिंक ठेवली तर सळईचे हात खाली ओढले जातात, आणि चाक फार खाली गेल्यास ते उलटे फिरून अडकू शकतात. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत हात साधारण आडवे राहतील इतकी लिंक लांब हवी. लांबी कमीजास्त करता येणारी घेणे उत्तम.

दुसरी, सांधे. रबरी बुश आवाज करीत नाहीत. धातूच्या गोळीचे सांधे अधिक फिरतात, पण झिजल्यावर खडखडतात.

तिसरी, सोडलेली सळई ठेवायची कोठे? दोन्ही बाजू सोडून ती वर चौकटीला पक्की अडकवता आली पाहिजे. एकच बाजू सोडली तर मोकळा हात वरखाली आपटत राहतो आणि टायर किंवा ब्रेकच्या नळीला लागू शकतो.

चौथी, चाकाला मिळालेला जादा वाव बाकीच्या भागांना सोसतो का? सळई सुटल्यावर चाक अधिक खाली जाते. तेव्हा ब्रेकची रबरी नळी ताणली जाऊ नये आणि शॉक ॲब्सॉर्बरची लांबी पुरावी. हे आधी तपासावे, मग सळईला हात लावावा.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत जोडणी. विक्रेते सळई किती सेकंदांत सुटते ते सांगतात. मी भाच्याला विचारले, "अरे, सोडशील सकाळी, ताजातवाना असताना. जोडशील कधी?" मोअबहून त्याचे घर पावणेचारशे किलोमीटर. संध्याकाळ झालेली, अंग चिखलाने भरलेले, मागच्या आसनावर मुलगी पेंगत असलेली, आणि पुढे ताशी शंभराहून अधिक वेगाचा हमरस्ता. त्या घटकेला खाली वाकून दोन खिट्ट्या घालायच्या असतात. जमीन तिरपी असेल तर सळईला पीळ असतो, भोके जुळत नाहीत, आणि "राहू दे, घरी गेल्यावर पाहू" असे मनात येते. गाडी उलटण्याचा धोका खडकांवर असतो तसा ह्या एका वाक्यातही असतो.

म्हणून ज्याला स्वतःच्या सवयीचा भरवसा नाही त्याने आपोआप जोडणारे साधन घ्यावे, किंवा कायम जोडलेली मऊ सळई. ज्याला भरवसा आहे त्याला हाताचे साधन पुरे. मात्र सळई सोडताच स्टिअरिंगला लाल फडका बांधावा आणि दोन्ही खिट्ट्या बसल्याशिवाय तो सोडू नये. भाच्याने हाताच्या लिंक घेतल्या, आणि फडकाही घेतला.

आपल्याकडे काय?

रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाऊ लागली, आणि २०२० च्या नव्या थारमुळे आपल्या तरुणांतही हा शौक वाढला आहे. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. त्या थारची पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. अखंड एक्सलच्या गाडीत सळई सोडल्याने जितका लाभ होतो तितका येथे होत नाही. दुसरे म्हणजे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. गाडी उंच करण्याआधी आर.टी.ओ.त चौकशी करणे हे शहाणपणाचे.

कोणतेही रक्षक साधन कामाच्या सोयीसाठी तात्पुरते बाजूला करावे लागते, त्यात गैर काही नाही. आमच्या वर्कशॉपातले लेथवरचे झाकण घ्या, किंवा विजेच्या खांबावर चढण्यापूर्वी काढलेला फ्यूज घ्या. पण ते बाजूला करण्याची युक्ती निवडताना, दमलेला माणूस अंधारात ते परत जागेवर कसे बसवील, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर जे साधन देईल ते घ्यावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.