दहाव्या पिढीतली नावं

बेडलिंग्टन टेरियर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोकरूच वाटतं. लोकरीसारखे कुरळे केस, कमानदार पाठ, लोंबते कान! इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडच्या खाणकामगारांनी ही जात सांभाळली. डँडी डिनमाँट, स्काय आणि सीलिहॅम हे तिचे आणखी दुर्मिळ भाऊबंद. ज्या देशी जातींच्या ३०० पिल्लांचीही नोंद वर्षाला होत नाही, त्यांची ब्रिटनचा केनेल क्लब वेगळी यादी ठेवतो आणि हे तिघेही तीत आहेत. असं पिल्लू सोबतीला आणायचं म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो जनुक-चाचणीचा दाखला मागण्याचा. सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. आणि ‘शंभर टक्के निर्दोष असेल तेवढंच पिल्लू घ्या’ असा त्याचा अर्थ लावला, तर तो जातीच्याच मुळावर येतो.

बेडलिंग्टनचंच पाहा. अन्नातून आलेलं जादा तांबं पित्तावाटे बाहेर पडायला हवं. या जातीतल्या अनेक कुत्र्यांत ते यकृतात साचत राहतं आणि शेवटी यकृत निकामी करतं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी हा आजार ओळखला. २००२मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना एका जनुकाचा तुकडाच गळालेला सापडला. आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच या दोषाने आजार होतो. एकच सदोष असलेलं कुत्रं, म्हणजे वाहक, ठणठणीत जगतं. मग सगळे वाहक पैदाशीतून बाद केले तर रोगच संपेल, असं कुणीही म्हणेल. पण वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर या दोषाने आजारी असं एकही पिल्लू होत नाही, आणि सरासरी निम्मी पिल्लं पूर्ण निर्दोष निघतात. दोन-तीन पिढ्यांत दोष मागे पडतो आणि त्या कुत्र्याकडची बाकीची हजारो चांगली जनुकं जातीत टिकतात. सगळे वाहक एका फटक्यात वगळणं म्हणजे चार खड्यांसाठी गव्हाचं अर्धं पोतं ओतून देणं. शिवाय तो तुकडा शाबूत असलेल्या काही बेडलिंग्टनांच्या यकृतातही पुढे तांबं साचलेलं आढळलं. चाचणी विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. न विचारलेले दोष आईबापांच्या नात्यातून येतात, आणि ते नातं मोजता येतं.

ते मोजायची रीत दिली सूअल राइट यांनी, १९२२मध्ये. हे नाव कुत्रेवाल्यांच्या चर्चेत फारसं निघत नाही याचं वाईट वाटतं. अमेरिकी कृषिखात्यात त्यांच्याकडे गिनीपिगांच्या नोंदी आल्या. १९०६पासून तिथे पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्याच जोड्या लावल्या जात होत्या. काही घराणी नष्ट झाली, उरलेल्यांची वेतं लहान आणि पिल्लं अशक्त होत गेली. पण दोन वेगळ्या घराण्यांची जोडी लावताच पहिल्याच पिढीत जोम परतला! राइट यांच्या गुणकानुसार सख्ख्या भावंडांच्या संततीचा आकडा २५ टक्के, सावत्र भावंडांच्या संततीचा साडेबारा आणि मामाची मुलगी करणाऱ्याच्या अपत्याचा सव्वासहा. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत ही रीत आहे, तेव्हा हा आकडा आपल्याला परका नाही. आणि खुद्द राइट यांचे आईवडीलही एकमेकांची चुलत-मामे भावंडंच होती. म्हणजे एकदा जवळचं लग्न झालं की अनर्थच होतो, असं नाही. पिढी दर पिढी तेच होत राहिलं की धोका साचतो, आणि बाहेरच्या कुत्र्यांना नोंदवही बंद असलेल्या लहान जातीत तो साचल्याशिवाय राहत नाही.

बाहेरचं रक्त आणलं तर जात बिघडेल, हा आक्षेप पैदासकार कळकळीने घेतात. डाल्मेशियनने त्याला उत्तर दिलं आहे. या जातीच्या लघवीत यूरिक आम्ल इतकं उतरतं की खडे होतात, आणि जातीतल्या प्रत्येकाकडे तोच दोष असल्याने आतल्या आत उपाय नव्हता. १९७३मध्ये रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत निर्दोष जनुक आलेली पिल्लं निवडून पुन्हा डाल्मेशियनशी जोडली. अशा पाच पिढ्यांनंतर पॉइंटरचा वाटा सरासरी दोन टक्क्यांहूनही कमी उरतो. तरी अमेरिकन केनेल क्लबने १९८१मध्ये दोन कुत्री नोंदवून मग दार लावलं, ते २०११मध्ये उघडलं. मधल्या तीस वर्षांत खड्यांनी तळमळलेल्या कुत्र्यांच्या वेदना टळू शकल्या असत्या.

म्हणून दुर्मिळ टेरियरचं पिल्लू पाहायला जाल तेव्हा दाखल्याबरोबर वंशावळही मागा. बापाची आजवर किती वेतं झाली ते विचारा. पिल्लू वाहक आहे एवढ्यावरून त्याला नाकारू नका. तुमच्या घरी त्या दोषाने ते आजारी पडणार नाही. वंशावळीच्या दहाव्या पिढीत १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्या जागांवर वेगळी नावं किती आहेत, ते बसून मोजा.