मोटार विमा करार
मोटार विमा करार : मोटारवाहनाची हानी आणि वाहनामुळे इतरांना होणारी इजा किंवा नुकसानी यांची भरपाई हप्त्याच्या मोबदल्यात करण्याविषयीचा विमा कंपनी व वाहनमालक यांच्यातील करार. भारतात वाहनाच्या हानीचा विमा ऐच्छिक असून त्रयस्थ पक्षाविषयीचा विमा १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमान्वये सक्तीचा आहे.

विम्याचा करार परम सद्भावावर आधारलेला असतो. सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्यावरून उद्भवलेल्या वादात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये हे तत्त्व विशद केले. महत्त्वाची माहिती दडविल्यास कंपनीस करार रद्द ठरविता येतो. शिवाय हा क्षतिपूर्तीचा करार असल्याने प्रत्यक्ष हानीपेक्षा अधिक रक्कम विमेदारास मिळत नाही. अपघात हा लाभाचा व्यवहार होऊ नये, हा त्यामागील हेतू.

कराराच्या समाप्तीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९३८ च्या विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याखेरीज कंपनीने जोखीम पत्करावयाची नसते. हप्त्याचा धनादेश न वटल्यास मोबदलाच उरत नाही. म्हणून विमेदारास स्वतःच्या वाहनाची भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरविले. परंतु रस्त्यावरून चालणाऱ्यास त्या धनादेशाची वार्ता कोठून असणार? म्हणून त्रयस्थाच्या बाबतीत निराळा नियम आहे. विमापत्र रद्द होऊन तशी सूचना अपघातापूर्वी विमेदारास पोहोचली नसेल, तर कंपनीने त्रयस्थास भरपाई द्यावी व ती विमेदाराकडून वसूल करावी, असे त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. सूचना आधी पोहोचली असल्यास कंपनीचे दायित्व संपते. तरीही २००७ मधील अशा एका दाव्यात न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेषाधिकार वापरून कंपनीस आधी रक्कम देण्यास व मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. २०२४ पासून विमा नियामकाच्या निर्देशांनुसार सिद्ध झालेल्या कपटाखेरीज अन्य कारणास्तव कंपनीस विमापत्र रद्द करता येत नाही व त्यासाठीही किमान सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. विमेदारास मात्र कारण न देता ते रद्द करता येते.

वाहन विकल्यास कलम १५७ नुसार त्रयस्थविषयक संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते. वाहनाच्या स्वतःच्या हानीचे संरक्षण मात्र कंपनीच्या संमतीशिवाय जात नाही, असा १९९५ चा निर्णय आहे. जुनी मोटार घेणाऱ्यांच्या ध्यानी हा भेद बहुधा अपघातानंतरच येतो.