यीस्टच्या कॅप्सूलनं ‘इम्युनिटी वाढते’ का?

कोविडनंतर ‘इम्युनिटी बूस्टर’ घराघरात शिरले, ते अजून मुक्कामाला आहेत. त्यातलाच एक प्रकार म्हणजे यीस्टपासून काढलेल्या बीटा-ग्लुकनच्या कॅप्सूल.

गैरसमज : बीटा-ग्लुकन घेतलं की रोगप्रतिकारशक्ती वाढते.

वस्तुस्थिती : बीटा-ग्लुकन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. यीस्टच्या पेशीभित्तिकेचा मोठा भाग तिचाच असतो. आपलं शरीर ही साखळी बनवत नाही, म्हणून ती दिसताच पांढऱ्या पेशी ‘बुरशी आली’ असं समजतात. या पेशींवरचं डेक्टिन-१ हे प्रथिन तिला ओळखतं, हे गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. मग पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात.

म्हणजे परिणाम खरा आहे. पण तो धोक्याच्या इशाऱ्याला मिळालेला प्रतिसाद आहे. यीस्टच्याच भित्तिकेपासून केलेलं झायमोसान टोचून प्रयोगशाळेत उंदरांच्या सांध्यांना मुद्दाम सूज आणतात. याला शक्ती वाढणं म्हणायचं का? शिवाय टोचलेलं आणि गिळलेलं ग्लुकन शरीरात सारखं वागत नाही. तरी जाहिराती प्रयोगशाळेतले निष्कर्ष सरसकट कॅप्सूलला चिकटवतात!

पेशी उत्तेजित होणं आणि माणूस आजारापासून वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्दी-खोकल्यावर माणसांत चाचण्या झाल्या, पण त्यातल्या बऱ्याच लहान आहेत आणि काहींना उत्पादकांचाच पैसा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०११ मध्ये यीस्टचं बीटा-ग्लुकन ठरावीक प्रमाणात सुरक्षित मानलं. प्रतिकारशक्तीच्या दाव्यांना मात्र पुरावा अपुरा ठरवला. विक्रेते पहिलंच वाक्य सांगतात.

आणखी काही गैरसमज

*ओट्समध्येही तेच असतं.* नाही. ओट्सच्या ग्लुकनची जोडणी वेगळी असते. त्याचा सिद्ध झालेला उपयोग कोलेस्टेरॉल कमी करण्याचा आहे.

*पाव खाल्ला तरी पुरे.* चाचण्यांत भित्तिकेतून वेगळं काढून शुद्ध केलेलं ग्लुकन वापरतात. पावाला ते निष्कर्ष लागू होत नाहीत.

*लसीची गरज उरत नाही.* लस विशिष्ट जंतू ओळखायला शिकवते, ग्लुकन ते शिकवत नाही.

*नैसर्गिक आहे, कुणालाही चालतं.* ल्युपस किंवा आमवातासारख्या आजारांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते. अवयव प्रत्यारोपणानंतर तर ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूलला हात लावू नये.

आणि निरोगी माणसांनी हे पैसे डाळ, भाजी, फळांवर खर्च करावेत, राहिलेल्या लसी घ्याव्यात.