खडू की कोळसा?

मुलांनो, रात्री अंगणात दूरवर खडूचा एक तुकडा ठेवा आणि शेजारी तेवढाच कोळसा. आता बॅटरीचा झोत टाका. खडू चटकन दिसेल. कोळसा तितका उजळ दिसायला हवा, तर तो बराच मोठा घ्यावा लागेल. (माझ्या वर्गातल्या पोरांना तर कोळसा कुठे ठेवलाय तेच सापडेना!)

लघुग्रहांचंही असंच. मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा बहुतेक लघुग्रह म्हणजे नुसता ठिपका. त्याचं तेज ठरावीक काळाने कमीजास्त होतं, त्यावरून तो स्वतःभोवती कसा फिरतो ते कळतं. पण तो छोटा उजळ दगड आहे की मोठा काळा? नुसतं तेज मोजून हे कळत नाही.

आणि ते कळायला तर हवंच! २००४ साली अपोफिस नावाचा लघुग्रह सापडला. २०२९ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता त्या डिसेंबरात २.७ टक्क्यांपर्यंत गेली. आदळलाच तर धक्का केवढा, हे त्याच्या आकारावर ठरणार. काळा निघाला तर व्यास अडीचपट, म्हणजे आकारमान पंधरापटींहून जास्त!

मग उपाय काय? सूर्यप्रकाशाच्या लहरी उभ्या, आडव्या, तिरप्या, सगळ्या दिशांना थरथरतात. दगडावरून परतताना एका दिशेच्या लहरी जास्त उरतात. हे प्रकाशाचं ध्रुवीकरण. काळ्या दगडात शिरलेला प्रकाश आतच जिरतो. एकदाच आपटून उडालेला तेवढा परत येतो, त्याची दिशा शाबूत असते. उजळ दगडात तो कणाकणांवर आपटत बाहेर येतो आणि दिशांची पार खिचडी होते. म्हणून ध्रुवीकरण जास्त तर दगड काळा, कमी तर उजळ.

२००६ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने अपोफिसचं ध्रुवीकरण मोजलं. परावर्तनक्षमता निघाली ०.३३. कोळशासारख्या लघुग्रहांची ०.०५ च्या आसपास असते. म्हणजे अपोफिस खडूच्या बाजूचा! त्यावरून व्यास आला सुमारे २७० मीटर, ६० मीटर इकडेतिकडे. पुढे रडारने तो सुमारे ३४० भरवला. नुसत्या ठिपक्यावरून केलेला हिशोब फार चुकला नव्हता, नाही का?

घाबरू नका. टक्कर २०२९ मध्ये तर होणार नाहीच, पण निदान शंभर वर्षं होणार नाही, हे २०२१ च्या रडार निरीक्षणांनी पक्कं केलं आहे. मात्र आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ रोजी, आंबेडकर जयंतीच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, तो जमिनीपासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रह याहून लांब, ३६,००० किलोमीटरवर असतात.